वेगळं काढलेलं दूध

बायकोचं पोट कापून शिवल्याला अजून एक दिवसही झाला नव्हता, आणि लांब्या पहाटे धारेला बसला होता. न बसून करणार काय? गोठ्यात नऊ गाई दुभत्या. घरात काय चाललंय ते गाईला सांगून भागत नाही. कास भरली की ती हंबरते, आणि तासभर उशीर झाला तर तिचा पाय उगारलेलाच असतो. लांब्याने गुडघ्यांत बादली धरली आणि दोन्ही हात चालू केले. हात सवयीने चालत होते, कान मात्र घराकडे होते. घरात चिमी रडत होती.

चिमी साडेतीन महिन्यांची. जन्मल्यापासून आईच्या दुधाशिवाय तिच्या पोटात दुसरं काही गेलं नव्हतं. काल दुपारी ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टरने आईला तिला शेवटचं पाजू दिलं, आणि मग बाळाला वॉर्डाबाहेर काढलं. बायकांच्या त्या वॉर्डात कुणाचं गळू, कुणाची जखम, कुणाला ताप. तिथे तान्ह्या बाळाला ठेवता येणार नव्हतं. लांब्या तिला शालीत गुंडाळून घरी घेऊन आला होता.

तसा दोष त्याचाही होताच. दोन दिवस बायको पोट धरून शेण काढत होती. "गॅस असेल," म्हणत होती. लांब्यानेही ते झटकन मान्य करून टाकलं, कारण वैरण कापायला आली होती. तिसऱ्या दिवशी ती गोठ्यातच खाली बसली आणि तिला उठता येईना. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस थांबला असतात तर तिला घरी न्यायची वेळ आली नसती. हे वाक्य कालपासून लांब्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

धारा आटोपून तो घरात आला. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर चिमी, हातात चमचा.

"घेत नाही रे," आई म्हणाली. "रात्रीपासून चारच चमचे गेलेत. बाकीचं सगळं गळ्याखाली, झबल्यात."

"काय देतेयस?"

"तांबडीचं. उकळून, निम्मं पाणी घालून. तुला मी हेच पाजलं होतं. बघ की केवढा ताड झालायस."

चिमीने चमचा जिभेने बाहेर ढकलला. तोंड वळवून आजीच्या छातीवर काहीतरी शोधू लागली. तिथे सापडण्यासारखं काही नव्हतं. म्हातारीने हसायचा प्रयत्न केला, "अगं बये, या दुकानाला टाळं लागून तीस वर्षं झाली." लांब्याला तिथे उभं राहवेना. तो कॅन घेऊन दूध केंद्रावर गेला.

केंद्रावर असतानाच मेहुणीचा फोन आला. ती दवाखान्यात बहिणीपाशी थांबली होती.

"दाजी, ताई शुद्धीवर आली. आधी चिमीचंच विचारलं. ऐका, सिस्टरने तिला दूध काढायला सांगितलंय. मी केंद्राच्या टँकरवाल्याबरोबर बाटली पाठवते, बर्फात ठेवून. वाटी-चमच्याने पाजा म्हणाल्यात."

लांब्याच्या जिवात जीव आला. मग त्याने विचारलं, "औषध काय चालू आहे तिला?"

"इंजेक्शनं. दिवसातून तीनदा. भारीतली आहेत म्हणे. पोटात पू झाला होता ना!"

फोन ठेवल्यावरही तो तिथेच उभा राहिला. समोर केंद्राचा पोऱ्या दुधात औषध उतरलंय का ते कळायला पट्टी बुडवून रंग बघत होता.

या पट्टीने मागच्या वर्षी लांब्याची अब्रू घेतली होती. त्याच्या एका गाईची कास सुजली होती, डॉक्टरने तिला इंजेक्शन दिलं होतं. नियम साधा. अशा गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधायची, तिचं दूध वेगळं काढायचं आणि फेकून द्यायचं. शेवटच्या इंजेक्शननंतरही तीन दिवस. पण त्या दिवशी चिंधी सुटून शेणात पडली, आणि दूध कॅनमध्ये गेलं. पट्टीचा रंग बदलला तोवर लांब्याचा कॅन सगळ्यांच्या टाकीत ओतला गेला होता. टाकीभर दूध गटारात सोडलं. लोक गटाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पांढऱ्या पाण्याकडे बघत राहिले. लांब्या सहा फूट उंच, पण त्या दिवशी तो कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला नाही. त्याच गाईचं उरलेलं दूध एका वासराला पाजलं होतं. त्याला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ते गेलं. लांब्याने कानाला खडा लावला होता.

दुपारी टँकर परत आला. टँकरवाल्याने जेवणाचा डबा पुढे केला. आत बर्फाचा चुरा, त्यात बोटभर उंचीची बाटली.

"बर्फ दोनदा बदलला वाटेत," टँकरवाला म्हणाला. "हजारो लिटर वाहिलं आजवर, पण एवढं जपून कधी नेलं नव्हतं राव."

लांब्याने बाटली उजेडात धरली. ऐंशी मिली असेल. किंचित पिवळसर दूध, वर सायीची बारीक रेघ. चांगलं होतं, बघताक्षणी कळत होतं. पण मागच्या वर्षीचंही बघताक्षणी चांगलंच दिसत होतं. दवाखान्यातल्या लोकांना माणसं कळतात, दूध काय कळणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. गावात दुधाबद्दल काही अडलं की लोक लांब्याला विचारायला येत. लांब्याने कुणाला विचारायला जायचं म्हणजे नवलच. आणि हीच त्याची चूक. एक फोन, दोन मिनिटं लागली असती.

तो गोठ्यामागे उकिरड्यावर गेला. कुणी बघत नाही ना पाहिलं आणि बाटली उलटी केली. दूध कचऱ्यात मुरेपर्यंत तो तिकडे बघत राहिला. त्याला खूप वाईट वाटलं. आपण बाळाला वाचवतोय असंही वाटलं, आणि दोन्ही एकदमच.

"आलं का तिचं दूध?" आईने विचारलं.

"आलं, पण नासलं होतं. उन्हानं."

"अरे देवा." म्हातारी पुन्हा चमच्याकडे वळली.

संध्याकाळी बायको स्वतः फोनवर आली. आवाज खोल विहिरीतून यावा तसा.

"प्यायली का हो?"

खरं सांगावं तर ती तिथे पडल्या पडल्या हाय खाईल. तो म्हणाला, "प्यायली."

"सगळं?"

"थेंब ठेवला नाही."

पलीकडे ती हसली. हसताना टाके ओढले गेले असणार, कारण पाठोपाठ तिने श्वास रोखला. "मग उद्या जास्त पाठवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीन बाटल्या आल्या. लांब्याने तिन्ही उकिरड्यावर ओतल्या. आईला सांगितलं, टँकरवाल्याच्या डब्यालाच वास आहे. चिमी आता भुकेने हरली होती आणि गाईचं पाणीदार दूध गिळू लागली होती. म्हातारी खूश झाली. लांब्याही. तांबडी त्याच्या गोठ्यातली सगळ्यात निरोगी गाय, तिला वर्षभरात सुई लागली नव्हती. बायकोपेक्षा गाईवर त्याचा विश्वास जास्त बसला होता, आणि त्यात काही वावगं आहे असं त्या घडीला त्याला वाटत नव्हतं.

दुपारनंतर चिमीचं पोट बिघडलं. आधी हिरवट, मग नुसतं पाणी. म्हातारी फडकी धुऊन धुऊन थकली. दोरीवर जागा उरली नाही, तेव्हा तिने कुंपणावर वाळत घातली. रात्रीचे तिघांचे हाल सांगण्यात अर्थ नाही. सकाळी फोनवर बायकोने विचारलं तेव्हा लांब्याने पुन्हा तेच सांगितलं. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा तोंड आपोआप उघडतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने उकिरड्यावर दोन बाटल्या ओतल्या, आणि तिसरीचं झाकण काढणार तोच मागून हात आला. आईने बाटली हिसकावून घेतली. तिने ती नाकाशी धरली, मग थेंबभर जिभेवर घेतला.

"हे नासलंय?" ती म्हणाली.

लांब्याने रिकाम्या बाटल्या पाठीमागे धरल्या.

"लांब्या, साठ वर्षं दुधात गेली माझी. नासलेलं दूध मला दाखवतोस? गोड साखर आहे हे!"

"तिला इंजेक्शनं चालू आहेत, आई. दिवसातून तीन. तूच सांग, असल्या गाईचं दूध आपण पाजतो का? ते वासरू विसरलीस?"

म्हातारीचा चेहरा पडला. तिलाही ते वासरू आठवलं. बाटली हातात धरून ती क्षणभर डळमळली, आणि लांब्याला वाटलं, आता तीही ओतणार. पण ती म्हणाली, "दवाखान्यात विचारलंस?"

"कुणाला विचारायचं?"

"ज्यांनी काढायला सांगितलं त्यांना!"

म्हातारीने बाटली परत बर्फात खोचली आणि डबा काखेत मारला. "तुझ्याशी नंतर भांडते," ती म्हणाली. "आधी घरात चल. मी तुला बोलवायलाच आले होते. पोरगी रडतेय, पण डोळ्यांत पाणी नाही तिच्या. आणि पहाटेपासून शूनं एक फडकं ओलं झालेलं नाही."

चिमी पाळण्यात पडली होती. रडत होती असं म्हणायचं, पण तो आवाज मांजराच्या पिल्लाएवढा होता. ओठ कोरडे पडले होते. लांब्याने तिच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू आत गेली होती, बोट ठेवायला खळगा झाला होता. मरायला टेकलेली वासरं त्याने पाहिली होती. त्यांचीही नजर अशीच होती, समोर असून कुठेच नसलेली.

तो रस्त्यावर धावला. टँकर अजून केंद्रावरच उभा होता. टँकरवाल्याने त्याचा चेहरा पाहिला आणि एकही प्रश्न न विचारता टँकर उलटा फिरवला. पुढच्या चार गावांचं दूध त्या दिवशी तसंच थांबलं. केबिनमध्ये म्हातारी डबा मांडीवर घेऊन बसली होती, लांब्याने चिमीला छातीशी धरलं होतं. प्रत्येक खड्ड्यात तो तिच्या नाकाखाली बोट धरून बघत होता. श्वास लागला की पुढच्या खड्ड्यापर्यंत त्याला धीर येई.

"बोल तिच्याशी," म्हातारी म्हणाली. "झोपू देऊ नकोस."

लांब्याला काय बोलावं सुचेना. तो गाईंची नावं घेत राहिला. तांबडी, बांडी, मोरी, ठेंगणी. नऊ झाल्या की पुन्हा पहिलीपासून.

मुलांच्या वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी चिमीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली.

"शू कधी केली होती?"

"पहाटे."

"काय पाजताय?"

"गाईचं. पाणी घालून."

मागे तीच सिस्टर उभी होती, बायकोला दूध काढायला सांगणारी, भरल्या अंगाची, कपाळाला आठ्या. ती म्हणाली, "गाईचं? का? आईचं जातंय ना रोज? मी स्वतः बाटल्या उकळून देते त्या बाईला!"

लांब्याने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. लाल चिंधी, पट्टी, वासरू, उकिरडा. सांगताना त्याचं त्यालाच ते सगळं वेड्यासारखं वाटू लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं.

"तिला तान्हं बाळ आहे हे बघूनच आम्ही औषध निवडलं," त्या म्हणाल्या. "बाळाला चालणारं. कागदावर लिहिलंय तसं. तुमचा नियम गाईसाठी बरोबर आहे. पण ही गाय नव्हे हो!"

मग त्यांनी पटापट सांगितलं. हे मीठ-साखरेचं पाणी आणि आईचं दूध, दोन्ही चमच्याने, थोडं थोडं, न थांबता. "गिळतेय अजून, हे आपलं नशीब. सहापर्यंत शू झाली तर ठीक. नाही झाली तर डोक्यात शीर शोधून सुई लावावी लागेल. इतकी सुकली की शीर लवकर सापडत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

म्हातारीने डबा पुढे केला. "हिच्या आईचं आहे. आजचंच."

सिस्टरने बर्फ चाचपून पाहिला, बाटली कोमट पाण्यात धरली. "याच्यापासूनच सुरू करा," ती म्हणाली. लांब्याच्या हातात वाटी-चमचा दिला. पहिला चमचा चिमीच्या गालावर गेला. दुसरा ओठांत गेला. चिमीने तो तसाच धरून ठेवला. मग तिच्या गळ्यात बारीकशी हालचाल झाली.

तेवढ्यात चाकांच्या खुर्चीवरून बायको आली. मागे मेहुणी. बायकोने एका हाताने पोट धरलं होतं, केस विस्कटलेले, तोंड पांढरं. पण ती हसत होती. तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

"आणलंत हो तिला?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, आणाल. इतकं पितेय तर भेटायला..."

आणि तिने चिमीला पाहिलं.

मेहुणी खिडकीबाहेर बघू लागली. बायकोने चिमीला मांडीवर घेतलं, पदराआड धरलं. चिमीने दोनदा ओठ हलवले आणि दमून सोडून दिलं.

"ताकद नाही तिला," सिस्टर म्हणाली. "आधी चमच्यानेच जाऊ द्या. तुम्ही दुसऱ्या वाटीत काढत राहा."

बायकोने लांब्याकडे पाहिलं. "ती तर थेंब ठेवत नव्हती ना?"

"पाजलं नाही मी."

"काय?"

"तुझं दूध. ओतून दिलं. मला वाटलं, औषध उतरलं असेल त्यात."

"कुठे ओतलं?"

"उकिरड्यावर."

"सगळं?"

"ही एक बाटली आईनं वाचवली."

तिने चिमीचं झबलं सारखं केलं. मग म्हणाली, "एका बाटलीला पाऊण तास लागायचा मला. खाली वाकलं की टाके ओढायचे. तुम्ही म्हणालात थेंब ठेवत नाही, म्हणून मी पहाटे उठून एक जास्तीची काढायला लागले. या माझ्या बहिणीला सांगायची, माझी पोर भुकेली राहता कामा नये." ती ओरडली नाही. ओरडायला पोटात जोर लागतो आणि तो तिच्याकडे नव्हता. तिने दुसरी वाटी घेतली, भिंतीकडे तोंड केलं आणि दूध काढू लागली. मध्येच तिचा खांदा हलत होता. दुखण्याने की रडण्याने, ते लांब्याला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

पाणी, दूध, पाणी, दूध. साडेचारला चिमीने थोडं ओकलं. "चालायचंच. दहा मिनिटं थांबा, परत द्या," सिस्टर म्हणाली. पाचला चिमीने डोळे उघडून चमच्याकडे पाहिलं. लांब्या दर थोड्या वेळाने तिच्या खालचं फडकं चाचपत होता. कोरडं. सव्वापाचला कोरडं. साडेपाचला कोरडं. सिस्टर पलीकडच्या टेबलावर कापूस, चिकटपट्टी आणि बारीक सुई मांडून ठेवत होती. डोकं भादरायला पातंही होतं. लांब्याला ते बघवेना. म्हातारी पायथ्याशी बसून पुटपुटत होती. त्याने हळूच चिमीच्या कानाशी तोंड नेलं. "मला मार हवं तर," तो म्हणाला. "पण शू कर गं बाई."

सहाला दहा कमी असताना त्याच्या मांडीला ऊब लागली. आधी त्याला भास वाटला. मग ती ऊब पसरली, पँटमधून आत झिरपली, गुडघ्याकडे ओघळली.

"केली!" तो एवढ्याने ओरडला की शेजारच्या खाटेवरची दोन पोरं दचकून रडायला लागली. "सिस्टर, केली! शू केली!"

वॉर्डातल्या आया हसू लागल्या. "वाजंत्री बोलवा आता," एक जण म्हणाली. म्हातारीने तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणबाई आल्या, चिमीची जीभ पाहिली, टाळू पाहिली. म्हणाल्या, "सुई राहू दे. पण रात्रभर हेच चालू ठेवायचं. अजून धोका टळला असं म्हणत नाही मी." सिस्टरने पातं उचलून ठेवलं. लांब्या जागचा हलला नाही. हललो तर हे सगळं खोटं ठरेल, अशी त्याला भीती वाटत होती.

"इकडे आणा तिला," बायको म्हणाली.

तो ओल्या पँटनेच उठला आणि चिमीला तिच्या मांडीवर ठेवलं. बायकोने ओलं फडकं मुठीत धरलं, घट्ट, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"माझं चुकलं," लांब्या म्हणाला.

तिच्याजवळची वाटी अर्धी भरली होती. तिने कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं.

"हात तिथे धुवा," ती म्हणाली. "मला दिसतील असे."

लांब्या बेसिनपाशी गेला. धारेआधी धुतात तसे त्याने कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, नखांतून. ती चिमीच्या डोक्यावरून त्याच्या हातांकडे बघत होती, शेवटपर्यंत. तो परत आल्यावर तिने वाटी पुढे केली. त्याने ती धरली, पण तिची बोटं वाटीवरून लगेच सुटली नाहीत.